शोभाबाईची चुंबळ

उद्या सकाळी दहा वाजता शोभाबाई दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर चार माणसांसमोर उभी राहील आणि स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. ही धास्ती तीन दिवस माझा पिच्छा सोडत नाही. ती बोलली नाही तर तिला कामावरून काढतील. ती बोलणार नाही हे मला माहीत आहे. का बोलणार नाही, हेही माहीत आहे.

ती मला आवडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

माझी मुलगी दहा आठवडे आधी जन्मली. वजन अकराशे चाळीस ग्रॅम. दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून काचेच्या खोलीत नेलं. अपुऱ्या दिवसांची बाळं तिथे पेट्यांमध्ये ठेवलेली असतात. मी पेटीच्या भोकातून हात घातला आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. लगेच मॉनिटर किंचाळायला लागला. मागून एक हाडकुळा, शिरा वर आलेला हात आला आणि त्याने माझं मनगट धरून बाजूला केलं.

"कुरवाळतेस काय? मांजर आहे का ते?"

मी वळून पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली ठेंगणी बाई, अंगात दवाखान्याचा निळा झगा, कपाळावर गोंदण.

"मी आई आहे तिची," मी म्हणाले.

"मग आईसारखा हात ठेव. ठेवायचा आणि विसरायचा. बोटं नाचवायची नाहीत. कातडी कच्ची आहे तिची, ओरखडल्यासारखं लागतं तिला. कोपरापर्यंत हात धुतलेस का?"

मी मनगटापर्यंत धुतले होते. तिने माझी खुर्ची वळवली आणि मला बेसिनसमोर नेऊन उभं केलं. मी तिला मावशी म्हणाले. सुरतेत सगळ्या आयांना मावशी नाहीतर बेन म्हणतात.

"मी कुणाची मावशी नाही. शोभाबाई म्हण."

मला मात्र ती पहिल्यापासून 'तू'च म्हणायची, आणि चिडली की 'बँकेतल्या बाई'. मी बँकेत आहे हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. त्या खोलीत तिला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं.

कागदावर तिचं काम फरशी पुसणं आणि लंगोट बदलणं एवढंच होतं. खरं काम एक्स-रेच्या वेळी सुरू व्हायचं. या बाळांना एक्स-रेच्या खोलीत नेता येत नाही, यंत्रच चाकांवरून त्यांच्याकडे येतं. बाळाच्या पाठीखाली एक सपाट पाटी सरकवतात. पाटी गार असते. बाळ दचकतं, हातपाय फेकतं, कधी श्वास घ्यायचाच विसरतं. बाळ हललं की फोटो पुसट येतो आणि तो परत काढावा लागतो. त्या वेळी आम्हा आयांना बाहेर जायला सांगायचे आणि आम्ही काचेला नाक लावून उभ्या राहायचो. म्हणजे आम्ही, आया नव्हे, आई झालेल्या बायका.

शोभाबाई आधी पाटी कापडात गुंडाळून स्वतःच्या पोटाशी धरायची, तिचा गारठा जाईपर्यंत. मग बाळाच्या आईने अंगाशी वापरलेल्या कापडाची चुंबळ करायची. डोक्यावर हंडा ठेवताना बायका कापडाचं वेटोळं करतात तशी, पण लांबट आणि सैल, बाळाच्या खांद्यापासून तळव्यांपर्यंत. बाळाला आईचा वास यावा आणि पोटातल्यासारखी भिंत लागावी म्हणून. मग शिशाचा जड एप्रन चढवायचा. डॉक्टरांनी लिहून दिलेला साखरेच्या पाण्याचा एक थेंब बाळाच्या जिभेवर. एक हात डोक्यावर, दुसऱ्या हातात दुमडलेले दोन्ही पाय. आणि मग थांबायचं.

या थांबण्याला किती वेळ लागतो यावरून यंत्र चालवणाऱ्या नितीनभाईशी तिचं रोज वाजायचं.

"केटली वार, शोभाबेन? खाली लाइन लागी छे."

"तुझ्या लाइनीला चहा पाज. पोरगी अजून तयार नाही."

"पोरगी तुम्हाला सांगते का?"

"तुला नाही सांगत, म्हणून तर मला बोलावतात."

मग ती खाली वाकून, आम्हाला काचेतून फक्त ओठ दिसतील इतक्या हळू, अहिराणीत बोलायची. एकदा दार उघडं राहिलं होतं म्हणून मला ऐकू आलं. "उगी ऱ्हाय मनी माय, उगी ऱ्हाय. व्हई गयं, व्हई गयं." माझ्या मुलीची मूठ उघडली. मॉनिटरवरचा आकडा चढला. शोभाबाईने मान हलवली, यंत्र एकदा वाजलं, संपलं.

माझ्या छातीवर ठेवलं की तीच मुलगी वळवळायची. मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला.

तिचं आयुष्य तिने मला सांगितलं असं नाही. दूध काढायच्या खोलीत ती बाटल्या धुवायला यायची, आणि मी पंपाला अडकून बसलेली असायचे, तेव्हा तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते एवढंच. पारोळ्याजवळच्या खेड्यातून सतराव्या वर्षी लग्न होऊन ती सुरतेला आली. नवरा धुडकू लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला. गोडादऱ्याला खोली. घरी बसून ती साड्यांवर टिक्क्या चिकटवायची, सकाळपासून दिवा लागेपर्यंत. "हात हलला की टिक्की तिरपी. तिरपी झाली की साडी माघारी. म्हणून हात हलत नाही माझा," ती म्हणाली. खात्यातल्या आवाजाने धुडकूचे कान गेले, त्यामुळे घरी ती ओरडून बोलते. "इथे हळू बोलते, ते इथल्या पोरांचं नशीब."

दवाखान्यात ती झाडूवाली म्हणून लागली, त्याला एकोणीस वर्षं झाली. एकदा एक बाळ एक्स-रेला कुणाच्याच हातात राहीना. तिने पोछा बाजूला ठेवला, कोपरापर्यंत हात धुतले आणि न विचारता पुढे झाली. तेव्हापासून ते काम तिचं. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

मला वाटलं, हिचंही एखादं बाळ असंच गेलं असणार. मी विचारलं.

"तिन्ही धडधाकट आहेत माझी," ती बाटलीत ब्रश फिरवत म्हणाली. "आयाचं काम चांगलं असलं म्हणजे तिचं पोर मेलेलंच पाहिजे का? बँकेत चांगलं काम करतेस तेव्हा तुझं काय मेलेलं असतं?"

मी पंपाची बाटली काढून तिला झाकण लावलं.

पहिल्या चुंबळीसाठी मी माझ्या जुन्या गाऊनचा तुकडा दिला होता. तो खराब झाला तेव्हा शोभाबाई म्हणाली, "दुसरं आण. जुनं, मऊ, सुती. दोन रात्री अंगाशी धर, धुऊ नको. हूक, बटण, काठ काही नको. काठ असला तर फाडून काढ."

घरी मी गाऊनच शोधत होते. सासूबाईंनी पाहिलं.

"माझ्या पहिल्या नातीच्या अंगावर गाऊनची चिंधी?" त्यांनी कपाटातून स्वतःची लग्नाच्या वेळची सुती साडी काढली. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली, पण काठ जरीचा, अजून चकचकीत. मी कात्री घेतली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "बिनकाठाचं नको. बिनकाठाचं कापड आमच्यात कफनाला लागतं."

मी एम.कॉम. झाले आहे. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी दुसऱ्या कुणाच्या बाळाबद्दल ठामपणे सांगितलं असतं. पण बाळ माझं होतं, आणि ते पेटीत होतं. मी काठ बोटभर ठेवला, दोनदा आत दुमडला आणि वरून बारीक धावदोरा घातला. बाहेरून काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कापड शोभाबाईच्या हातात दिलं.

"काठ काढलास?"

"हो."

तिचा अंगठा शिवणीकडे निघाला होता. प्रत्येक कापडाच्या कडेवरून ती अंगठा फिरवायची, मी आधी पाहिलं होतं.

"एकदा सांगितलं ना," मी म्हणाले. "मी शिकलेली आहे. तुमच्यासारखं सगळं दहादा चाचपावं लागत नाही मला."

तिने माझ्याकडे पाहिलं. अंगठा उचलला, कापड तसंच घडी करून काखेत धरलं आणि आत गेली.

त्या दिवशी सकाळी मुलीच्या नाळेतून घातलेली नळी काढली होती. दुपारी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे. शोभाबाईने चुंबळ केली, नितीनभाई कुरकुरला, मुलगी शांत झाली, फोटो निघाला. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, अमितला, आणि मला पडद्यासमोर बोलावलं. फोटोत पोटाच्या डाव्या बाजूला एक बारीक, पांढरी, वाकडी रेघ होती.

"नळीचा तुकडा आत तुटून राहिला असण्याची शक्यता आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सर्जनना बोलावलंय. त्याआधी पुन्हा फोटो घेऊ."

पुढचा सव्वा तास मला नीट आठवत नाही. अमित भिंतीवर मूठ आपटत होता एवढं आठवतं. सगळं बाजूला काढून, नुसत्या पाटीवर दुसरा फोटो काढला. चुंबळीशिवाय मुलगी तीनदा निळी पडली. शोभाबाई तिला नुसत्या हातांनी धरून उभी होती. दुसऱ्या फोटोत रेघ नव्हती.

"कापडात काहीतरी होतं," डॉक्टर म्हणाल्या. "धातूचं."

मला त्याच क्षणी कळलं. सुरतेत राहणाऱ्या माणसाला जुनी जर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. तांब्याची तार, वर चांदी. आजच्या प्लास्टिकच्या जरीचा काठ असता तर कदाचित सावलीही पडली नसती.

शोभाबाईने पेटीजवळ पडलेलं कापड उचललं. आता तिने कडेवरून अंगठा फिरवला. शिवणीवर तो थांबला. तिने मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं, मग कापड छोटं छोटं घडी घालून झग्याच्या खिशात टाकलं.

संध्याकाळी अमितने तक्रार लिहिली. 'आयाने नियमाबाहेरचे कापड वापरले, त्यामुळे आमच्या बाळाला दुसऱ्यांदा किरण घ्यावे लागले आणि तिच्या जिवाला धोका झाला.' त्याने कागद माझ्यापुढे धरला. मी सही केली. कळल्यावर केली, कळण्याआधी नाही. मला कुणाला तरी मारायचं होतं, आणि ती समोर होती.

प्रमुख नर्स नूतन सिस्टर यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती एवढंच म्हणाली, "कापड बघून घ्यायचं काम माझं. मी बघितलं नाही." कापड कुणाचं, ते तिने सांगितलं नाही. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं.

ती जिन्याने उतरत होती तेव्हा मी तिला गाठलं.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझ्या सासरच्यांसमोर तुला उघडी पाडू? तू रडशील, भांडशील, दूध आटेल. आठ मिलीवर आहे ती पोरगी. वरचं दूध तिला पचत नाही अजून." तिने खिशातून कापड काढून माझ्या हातात कोंबलं. "तुझ्यावर उपकार करत नाहीये मी. तुझ्याशी मला काही घेणं नाही."

"मग मी काय करू?"

"दूध काढ. दुसरं काय येतं तुला?"

माझं दूध आटलं नाही. मी रागाने दूध काढलं, दर तीन तासांनी, तिला दाखवून द्यायचं म्हणून, आणि दाखवायला ती तिथे नव्हती.

नऊ दिवसांनी मुलीचा पुन्हा एक्स-रे निघाला. या वेळी नवी आया होती, घाबरलेली, विशीतली. पाटी गारच सरकवली. मुलीचे हात चिकटपट्टीने बांधले, पाय दाबून धरले. मुलगी रडली तेव्हा तिचा आवाज काचेतून येत नव्हता, नुसतं उघडं तोंड दिसत होतं. पहिला फोटो पुसट आला. दुसरा पुसट आला. नितीनभाई शिशाच्या एप्रनचा पट्टा सोडत बाहेर आला आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला, "शोभाबेन होत तो एकमां पती जात." ती असती तर एकातच आटपलं असतं. तिसरा घेतला. शेजारच्या पेटीतल्या जुळ्यांचेही त्याच दिवशी होते. त्यांचे किती वेळा घेतले ते मी मोजलं नाही. मी तोंड फिरवून उभी राहिले.

त्यानंतर महिन्याभराने, गेल्या रविवारी, मुलगी घरी आली. एकोणीसशे वीस ग्रॅम. बुधवारी दवाखान्याचं पत्र आलं. शनिवारी दहा वाजता चौकशी. पालक तक्रारीवर ठाम आहेत का, एवढं कळवायचं.

"कळवून टाकू, ठाम आहोत," अमित म्हणाला. "आपलं बाळ वाचलं. पुढच्याचं काय? असल्या बायका ठेवतातच कशाला?"

तो बाहेर गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "काठ तुम्ही ठेवायला लावला होता. मी दवाखान्यात सांगणार आहे."

त्या मुलीचे लंगोट घडी करत होत्या. मान वर केली नाही. "सुई कुणाच्या हातात होती?"

"माझ्या."

"आणि सही?"

"माझीच."

"मग माझं नाव कशाला घेतेस? आणि गप्प बस म्हणते मी. मूल घरी आलंय. त्या बाईला कुठेतरी दुसरीकडे काम मिळेल. अमितला कळलं तर तो तुझ्याकडे कसा बघेल, याचा विचार कर."

त्याचाच विचार मी तीन दिवस केला. अमितच्या चेहऱ्याचा, बँकेत कुणाला कळेल याचा, सासूबाई नातेवाइकांना फोनवर काय सांगतील याचा. शोभाबाईचाही केला, पण तिची दया येईना. दुसरीकडे तिला काम मिळेल, हे खरं आहे. कडोदऱ्याच्या एखाद्या युनिटमध्ये साड्यांचे धागे कापायला ती बसेल आणि तिथेही हात हलवणार नाही. माझ्या नजरेसमोर मात्र ती विशीतली आया येते, आणि ती चिकटपट्टी. काचेच्या खोलीत बारा पेट्या आहेत. आज त्यातल्या प्रत्येक पेटीजवळ यंत्र गेलं असेल तर कुणाचे हात होते?

आणि एक गोष्ट. शोभाबाई गप्प राहिली ती माझ्या दुधासाठी. ती तिची अट होती, आणि मी त्या अटीमागे लपून राहिले होते. आज संध्याकाळी मुलगी पहिल्यांदा पोटभर, नुसती माझ्या अंगावर प्यायली. नळी नाही, वाटी नाही, चमचा नाही. पिता पिता झोपली. तिच्या डोक्यावर मी हात ठेवला आणि हलवला नाही. तिची मूठ उघडली. हे मला कुणी शिकवलं ते मी विसरू शकत नाही, कितीही इच्छा असली तरी. आता दुधाचं कारण उरलं नाही.

मघाशी मी कापडाची शिवण उसवली. बोटभर काठ बाहेर आला. घरातल्या दिव्याखाली तो आजही चमकतो. हे लिहीत बसले, कारण फोनवर मी अडखळेन आणि अर्धं राहून जाईल. आता वाचून सांगता येईल.

शोभाबाई माझे आभार मानणार नाही. परत कामावर आलीच तर कुठल्या तरी नव्या आईला माझी गोष्ट सांगेल, नाव घेऊन, आणि वर म्हणेल, शिकलेली होती. सांगू दे. तिला मी आवडते असं नाही आणि मलाही ती आवडत नाही.

काचेच्या खोलीतला फोन रात्री कितीही वाजता दुसऱ्या घंटेला उचलतात. घाबरलेल्या आईबापांसाठी तसा नियमच आहे. या आठवड्यात रात्रपाळी नूतन सिस्टरांची आहे. अमित शेजारच्या खोलीत झोपला आहे, भिंत पातळ आहे, तो ऐकेल. मी हळू बोलणार नाही. त्या विचारतील, बाळ बरं आहे ना. मी म्हणेन, बाळ बरं आहे. फोन काठाबद्दल आहे, आणि दहाच्या आत ही गोष्ट वर, तिसऱ्या मजल्यावर, पोचायला हवी. मी नंबर लावते आहे.